धर्मसिंगचा पाय

धर्मसिंगला गाडी सोड म्हणणारे तांड्यात ढिगानं होते. याच लोकांची लग्नं त्याच्या पांढऱ्या अॅम्बेसेडरनं लावली, याच लोकांच्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. तवा तो ‘डायव्हर साहेब’ होता. उजवा गुडघा धरायला लागला अन् तेच म्हणू लागले, म्हातारा एखाद्याला मारतो आता.

बायको अनुसयाबाई त्यांच्याही पुढं. “पायात जीव न्हाई अन् गाडी पायजे.”

“तुला माहेरी कोण सोडंल मग?” धर्मसिंग म्हणायचा.

गाडीचे ब्रेक जुने, ड्रमचे. पॅडलवर उभं राहावं तवा थांबायची. म्हणून पोरगा प्रेमदास कामाला लागला. वारंगा फाट्यावर त्याचं गॅरेज. पुढच्या चाकांचे ड्रम काढून त्यानं डिस्क बसवल्या, पॅडल हलकं व्हावं म्हणून बूस्टर लावला. जुन्या रिममध्ये ते मावेना, तर मोठ्या फटींची चाकं आणली. फटीतून डिस्क चांदीच्या ताटावानी चमकायची.

“बा, आता नुसता पाय ठेव. थांबते.”

धर्मसिंगनं चक्कर मारली. थांबली. “लेका, मग मला काहून बसवतो? वीट ठेव की पॅडलवर.” पण उतरताना त्यानं टपावर हात फिरवला. त्याला अजून गाडी चालवायची होती, बस. दुसरं काही मागत नव्हता.

दसरा आला. अनुसयाबाईच्या घरची रीत म्हणजे गाडीच्या चाकांना तेलात कालवलेला शेंदूर, तोही हात भरून. ड्रम झाकलेला असायचा; एवढ्या वर्षांत तेल कधी आत गेलं न्हाई. औंदा तिला फटीतून चमकणारं ताट दिसलं. याडीचं, म्हणजे आईचं काळीज; लेकरानं एवढ्या मेहनतीनं बसवलं म्हणून तिनं फटीत बोटं घालून दोन्ही डिस्क शेंदरानं माखल्या. पोटभर तेल पाजलं. प्रेमदास तवा फाट्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्या धुऊन राहिला होता. डिस्कला तेलाचा थेंब चालत न्हाई, हे त्यानं घरात कोणाला सांगितलंच नव्हतं.

दुपारी धर्मसिंग फाट्याकडं निघाला. उतारावर म्हशी आडव्या आल्या. त्यानं वेळेवर ब्रेक दाबला. पॅडल कडक, पण चाकं धरेनात; गाडी घसरतच चालली. म्हशी वाचवायला त्यानं स्टेरिंग फिरवलं अन् गाडी पुलाच्या कठड्याला जाऊन घासली. कठड्यावर रूपसिंग बसला होता, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. नांदेडच्या दवाखान्यात रूपसिंगचा चिरडलेला पाय मांडीपासून काढला.

प्रेमदासनं चाक खोललं. ब्रेकचे पॅड लाल, तेलानं निथळून राहिलेले. ते हातात घेऊनच तो बापाकडं आला. “बा, तुझी चूक न्हाई. याडीनं...”

“मला माहीत हाय. गाडी धडकली तिथंच मी चाकात हात घातला होता, शेंदूर लागला हाताला.”

“मग नसाबीत, पंचांपुढं सांगू.”

“सांगून रूपसिंगचा पाय येतो?” धर्मसिंगनं पॅड त्याच्या हातातून ओढून घेतले. “तिनं पूजा केली. हे कळलं तर ती तांड्यात तोंडबी वर करणार न्हाई मग. फेकून देतो हे.”

तांड्याची पंचायत, नसाब, बसली. धर्मसिंग उभा राहिला. “ब्रेक बराबर होता. माझा पाय पोचला न्हाई.” लोकांना हेच पायजे होतं. म्हाताऱ्याचा गुडघा दोषी ठरला की तांडा शहाणा ठरतो. तांड्याचा प्रमुख नायक, त्यानंही विचारलं न्हाई, की ज्या पायानं इतके दिवस रोज ब्रेक दाबला, तो त्याच दिवशी पोचला न्हाई कसा? प्रेमदास मागं उभा होता. मला त्याची कीव येत न्हाई; सांगायचं ते त्यानं दोन्ही वेळा गिळलं, आधी घरात अन् मग नसाबीत.

महिन्यानं रूपसिंगची बायको रूपाबाई दारात आली अन् मोठ्यानं बोलली, “धर्मसिंग, तुझाबी पाय झडंल.”

अनुसयाबाईनं तिला जवळ बसवलं, पाणी दिलं, स्वतःच रडू लागली. “मी रोज सांगत होते गं बाई. कोणाचं ऐकलं त्यानं?”

धर्मसिंग भिंतीला टेकून बसला होता.

“व्हय,” तो म्हणाला. “ही सांगत होती.”