ओली, अर्धओली, कोरडी

जपानातल्या कानाझावा शहरातल्या मिठाईवाल्यांत तोमेकिचीसारखा हेकट माणूस दुसरा नव्हता. पाण्याच्या अंशावरून मिठाईचे तीन वर्ग, ओली, अर्धओली आणि कोरडी. तोमेकिचीच्या लेखी मिठाई म्हणजे फक्त ओली, सकाळी घडवलेली आणि संध्याकाळच्या आत खाल्लेली. बाकी सगळा भुसा. साखर दाबून केलेली कोरडी मिठाई त्याच्या दुकानात व्हायची ती पितरांपुढे ठेवायला, नाहीतर कुणी गेलं तर. त्यामुळे साचेही तेवढेच, मृतांना वाहायच्या कमळाचे.

अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला आणि नेमकं गिळणंच गेलं. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, इथे तर घसाच रुसला. इस्पितळातली दाट केलेली पेज तो थुंकून टाकायचा. शेवटी नाकातून नळी घालायचं ठरलं. डॉक्टर त्याच्या मुलीला, मिसाओला म्हणाले, "आज तोंडात पूर्ण विरघळेल असं काही गोड देऊन बघा. आवडीनं गिळलं, तर नळी टळेल."

मिसाओनं दुकानातली फळी न् फळी पालथी घातली. ओल्या मिठाईतलं घेवड्याचं सारण घशात चिकटणार. मोची, म्हणजे तांदळाचा चिकट गोळा, तर दर नववर्षाला घशात अडकून धडधाकट म्हाताऱ्यांना घेऊन जातो. अर्धओलीचं कुरकुरीत टरफल टाळूला चिकटून बसणार. उरली कोरडी. तिनं बारीक साखरेचं कमळ काढलं आणि बाबांना कळू नये म्हणून लगेच मोडून टाकलं. शिवाय सकाळी स्वतः घडवलेली ओली मिठाई, मेपलचं लाल पान, वेगळ्या डबीत घेतली. 'आजची दाखव तरी' असं रोज टुमणं होतं त्याचं.

इस्पितळात तोमेकिचीनं साखरेचे तुकडे बघितले. एका तुकड्याला पाकळीचं टोक राहून गेलं होतं.

"कमळ," तो अडखळत म्हणाला.

"नुसती साखर आहे हो, बाबा."

"तुझ्या आईपुढे ठेवतेस तेच. अजून मेलो नाही मी, पोरी."

"मग जगायला खा ना! उद्या नळी घालतील नाकात!"

त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. मिसाओनं विनवलं, रागावली, रडली. तुकडा ओठाला लावला तर त्यानं मान फिरवली. आयुष्यभर या हट्टाचा तिला अभिमान वाटला होता, आज त्याची चीड आली. पण बापाचं तोंड जबरदस्तीनं कसं उघडायचं?

तिनं तुकडा खाली ठेवला तेव्हा तो म्हणाला, "ती डबी उघड."

तिनं उघडली. पानाकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला.

"काठ जाड झालाय."

"हो, बाबा."

"संध्याकाळ होत आली. वाया जाईल. खा."

"मी?"

"इथेच. माझ्यासमोर."

तिनं पान तोंडात घातलं. हुंदक्यानं घास खाली उतरेना. तोमेकिचीची नजर तिच्या गळ्यावर खिळली होती.

"गीळ," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटून गिळलं. उघडले तेव्हा बापाचे ओठ विलग झालेले होते. तिच्याबरोबर रिकामाच घोट गिळायला त्याचाही कंठमणी वर सरकला होता, आणि तिथेच अडकून थरथरत होता. खाली काही येत नव्हता.