डबा अजून गरम हाय

पाथर्डीकडच्या एका गावात कुणी वारलं की दगडाबाईला बोलावणं यायचंच. हेल काढून रडावं तर तिनं! पण तिचा एक नेम होता. एका मेलेल्यासाठी काढलेले बोल दुसऱ्यासाठी काढायचे नाहीत, ते त्याचे. आईनं घालून दिलेला हा नेम तिनं कधी मोडला नव्हता.

घरची सगळी कोपरगावकडं ऊसतोडीला गेली असताना तिची लेक सुकन्या उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेली, तेव्हा तिथं फडातच दगडाबाईनं हंबरडा फोडला. "सुकन्ये, डबा अजून गरम हाय गं! दोन घास खाऊन तरी जायचंस!"

सून मोनिकानं ते मोबाईलवर धरून ठेवलं. पुढं कुठल्याशा कंपनीनं गावाकडचे आवाज जपायचे म्हणून मागितले, तर हिनं देऊन टाकलं. सासूला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. पोरीच्या मनात पाप नव्हतं, हेच तर वाईट. राग काढायचा कुणावर?

गावातल्या भागवतची आई गयाबाई वारली, तेव्हा दगडाबाई लगबगीनं निघाली. दारातच ती थबकली. आत स्पीकरवर तिचाच आवाज रडत होता.

"गयाबाई, डबा अजून गरम हाय गं!"

गयाबाई बिचारी कधीची अंथरुणाला खिळून पेजेवर होती. कसला डबा अन् कसलं काय! तरी बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

"काकी, मेलेल्याचं नाव टाकलं की मोबाईलच तुमच्या आवाजात रडतो आता," भागवत म्हणाला. "तुमची दगदग वाचली."

घरी येऊन तिनं मोनिकाचा हात धरला. "माझ्या लेकीचं हाय ते. माघारी आन."

मोनिका रडकुंडीला आली. "न्हाई येत, आत्या. मी विचारून बघितलं कंपनीवाल्यास्नी. पिठात मीठ मळल्यावर ते वेगळं कसं काढायचं, म्हनले. अन् देताना मी मोबाईलवर हो म्हनून बटन दाबलं हुतं."

त्यानंतर दगडाबाईला कुणी बोलावलं नाही.

सुकन्याच्या वर्षश्राद्धाला पाहुणे जेवून गेले आणि ती फोटोपुढं बसली. आज तरी लेकीचं लेकीला द्यावं म्हणून डोळे मिटून तिनं हेल काढला. "सुकन्ये, डबा अजून गरम..."

शेजारच्या ओट्यावरून बाई ओरडली, "ए मोनिके, बारीक कर की तो मोबाईल! पोरगं निजलंय माझं!"

दगडाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.