बारा लिही

ऑपरेशनमध्ये कापलेलं आतडं आमच्या लॅबमध्ये बरणीतून येतं. ते उभं चिरायचं, गाठ मोजायची आणि मग त्याला चिकटलेली पिवळी चरबी बोटांनी चिवडत बसायचं. चरबीत बारीक ग्रंथी असतात, मुगाएवढ्या, कधी तिळाएवढ्या. आम्ही त्यांना दाणे म्हणतो. कॅन्सर आतड्याबाहेर पडला की बहुतेक वेळा आधी दाण्यांत शिरतो. निदान बारा दाणे तपासले, तरच 'पसरलेला नाही' या वाक्यावर विश्वास ठेवायचा. सोळा वर्षं मी हेच करतोय. वास आता मला येत नाही, बायकोला येतो.

त्या सोमवारी बरणीवर माझ्या मामाचं नाव होतं.

चरबी उचलली आणि डोकं फिरलं. बोटभर रुंदीची झालर! ती मुळापासून काढायची असते, रक्तवाहिनी निघते तिथून. आमचे सर्जन आतड्याच्या कडेकडेनं कापतात. मुळाशी जायला वेळ लागतो, आणि तासाभरात पोट शिवून मोकळं व्हायचं ही यांची ख्याती. आम्ही त्यांना तासवालेच म्हणतो. मुळाशी असलेले दाणे राहिले मामाच्या पोटात.

तीनदा चिवडली. पाच निघाले.

तासवाले चहाचा कप घेऊन टेबलाशी आले. "किती?"

"पाच."

"डोळे तपासून घे. मागच्या आठवड्यात तूच बारा काढलेस."

"तेव्हा चारच होते, डॉक्टर. एकेकाचे तीन तुकडे केले मी."

हसले. "मग आज काय हात मोडलाय?"

खरं बोलले ते. एक तुकडा, एक डबी. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या डॉक्टर बाई डब्या मोजायच्या आणि तेवढे दाणे धरायच्या. मी किती वेळा केलं असं? मोजलं नाही. माझं कोणी नव्हतं ना त्या बरण्यांत.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. मामा शिंपी, माणूस कोटाचा. खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा चादरीची शिवण चाचपत होता. बारा हवेत, पाचच निघालेत, हे त्याला सांगितलं.

"बारा नाही भरले तर काय?"

"तर बहुतेक केमोचं औषध घ्यायला सांगतील."

"शेजारच्या खाटेवरचा घेतोय ते. बोटं बधिर झालीत, शर्टाची बटणं बायको लावते. तू बारा लिही."

"मामा, बाकीचे दाणे तुझ्या पोटात आहेत. त्यांत काय आहे मला माहीत नाही."

"नाही ना माहीत? मग गप बस की! भाचा आत असून उपयोग काय? सुई धरता आली नाही तर काय भिंत धरून जगू?"

मामी दारापर्यंत सोडायला आली. "यांचं ऐकू नकोस," म्हणाली. "दिसलं तेच लिही. कोट काय, मी विकत आणीन."

दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठा दाणा पात्याखाली धरला. तीन तुकडे आरामात झाले असते. नाही केले. पाच दाणे, पाच डब्या. आणि मग बाईंना जुनं सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट काढायला लावले. एकतीस निघाले संशयाचे. त्यांतली दोन माणसं आधीच गेलेली. त्यांच्या रिपोर्टवर 'बारा, सर्व स्वच्छ' होतं. ते माझ्या हातचं काम. माझी बदली बाटल्या धुवायला झाली. तासवाले अजून तासातच उरकतात.

मामाचे पाचही स्वच्छ निघाले. पण कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, पाचावर भरवसा ठेवता येणार नाही, औषध घ्या. मामीनं ओढत नेलं. सहा महिन्यांत बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात परत येतील. दोन वर्षं झाली.

परवा दुकानात गेलो. मामा अस्तर शिवत होता. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके पडत होते आणि त्याला पत्ता नव्हता. मामीनं हात धरून अंगठ्यातली सुई उपसली.

मामा माझ्याशी बोलत नाही. मामीकडे बघून म्हणाला, "विचार त्याला, गरज होती का औषधाची?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "तो सर्जन अजून तासभर उभा राहिला असता, तर सांगता आलं असतं."

"त्याला सांग," मामा म्हणाला, "जाताना दार लोटून जा."