कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच

गोळ्यांची पट्टी कापायच्या कात्रीनेच तिने लिफाफा कापला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मालक मागच्या खोलीत खोकी लावत होते, आणि दुपारच्या या अर्ध्या तासात कुणी आजारी पडत नाही असा तिचा काउंटरवरचा चौदा वर्षांचा अनुभव होता. आत तिचाच चौथ्या धड्याचा स्वाध्याय होता. समासात हिरव्या शाईत परीक्षकांची टिपणं होती, आणि या वेळी ती चांगली लांबलचक होती.

घरबसल्या पटकथा लिहायला शिकवणारा हा बारा धड्यांचा अभ्यासक्रम तिने मासिकातली जाहिरात पाहून घेतला होता. दर महिन्याला टपालाने एक पुस्तिका यायची. शेवटच्या पानावर स्वाध्याय असायचा, तो लिहून पाठवला की तीन आठवड्यांनी तपासून परत यायचा. परीक्षकांचं नाव कुठेच नसे. पहिल्या तीन धड्यांना 'ठीक', 'ठीक' आणि 'पात्रं फार बोलतात' असे शेरे मिळाले होते. धाकटा भाऊ फोनवर हसला होता.

"ताई, तू आपली औषधं दे. सिनेमावाले त्यांचं बघून घेतील."

चौथ्या धड्याचा नियम कडक होता. घरातलं एक दृश्य लिहा, पात्रं दोनच. कुणाच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही, कारण कॅमेऱ्याला मन दिसत नाही. जे दिसतं आणि जे ऐकू येतं, तेवढंच. हा नियम तिला मनापासून आवडला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे तेच द्यायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही, यातच तर तिची हयात गेली होती.

दृश्यासाठी तिने आपलंच स्वयंपाकघर घेतलं. पात्रं म्हणजे मुलगी आणि वडील. यात थोडा आतला हेतू होता, आणि तो तिने स्वतःपासून लपवलाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाबा रक्तदाबाची गोळी विसरले, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, आणि ती दुकानातून येईपर्यंत तसेच पडून राहिले. त्या दिवसापासून तिने घर घड्याळाला बांधलं होतं. पथ्य, गोळ्या, फिरणं, झोप, सगळं. आणि आता धाकटा येत्या रविवारी गाडी घेऊन येणार होता, बाबांना कायमचं आपल्याकडे न्यायला. बाबा त्याला महिन्यापूर्वीच फोनवर 'येतो' म्हणाले होते. तिला एका शब्दाने नाही. ते तिला लागलं होतं आणि अजून ठणकत होतं. आपण किती खपतो ते निदान त्या अनोळखी हिरव्या शाईला तरी कळू दे, म्हणून तिने ते दृश्य लिहिलं होतं. आज संध्याकाळी ती बाबांशी बोलणार होती, जाऊ नका म्हणणार होती. काय बोलायचं तेही तिने पाठ केलं होतं.

तिने शेरा वाचायला घेतला.

'अभिनंदन. हे तुमचं पहिलं खरं दृश्य. ही मुलगी अंगावर येते. तिने आवाज चढवलेला नाही, हात उगारलेला नाही, तरी पान वाचताना छातीत धडधडतं. म्हाताऱ्याची भीती तर तुम्ही न सांगता दाखवली आहे. प्रेक्षक एकाच गोष्टीची वाट पाहतील, हा माणूस या घरातून सुटतो कधी. एक सूचना : ती अशी का झाली, हे कुठेतरी दिसू द्या. नाहीतर ती नुसतीच दुष्ट वाटेल.'

आधी तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद आला. तिने पान उलटलं. अक्षर तिचंच होतं.

'स्वयंपाकघर. सकाळ. वडील टेबलाशी बसले आहेत. मुलगी त्यांच्यासमोर गोळी आणि पाणी ठेवते.

मुलगी : ही घेतली? कालची घेतली होती ना? पाणी पूर्ण प्या. स्वेटर का नाही घातला? किती वेळा सांगायचं?

वडील तोंड उघडतात. मुलगी गॅसकडे वळते.

मुलगी : आज फिरायला कोपऱ्यापर्यंतच. तो मित्र भेटला तर बाकावर बसायचं नाही, गार असतो. डबा अकराला उघडा. मी फोन करीन.

वडील : बरं.

वडील उठतात. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवतात. आवाज होत नाही.'

शेवटच्या दोन वाक्यांखाली हिरवी रेघ होती. बाजूला लिहिलं होतं : 'उत्तम! हे तुम्हाला सुचलं कसं?'

सुचलं कुठे होतं! बाबा रोज तसेच उठत. तिने पाहिलं होतं तसं लिहिलं होतं. का उठतात तसे, हा प्रश्न तिला दोन वर्षांत पडला नव्हता. आता तिने बोट ठेवून पान पुन्हा वाचलं. तिने चार प्रश्न विचारले होते. पानभर शोधूनही एकाचंही उत्तर सापडलं नाही. बाबांचा अख्खा संवाद एका शब्दाचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही टपालाचं तिकीट लावून.

"अहो, खोकल्याचं औषध."

काउंटरपाशी एक बाई केव्हाची उभी होती. त्या बाईच्या हातातली चिठ्ठी तिने घेतली, वाचली, पुन्हा वाचली. डॉक्टरांचं अक्षर तिसऱ्यांदाही लागेना, तेव्हा मालकच पुढे आले.

"बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

"घरी जाऊ का?" ती म्हणाली. चौदा वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मालक इतके चकित झाले की नाही म्हणायचं विसरले.

तिने किल्लीने दार उघडलं तेव्हा आत रेडिओ मोठ्याने चालू होता आणि त्याच्याबरोबर बाबा शीळ घालत होते. बाबांना शीळ घालता येते हे ती विसरूनच गेली होती. कडी वाजली आणि दोन्ही आवाज एकदम थांबले. ती आत आली तोवर बाबा कोचावरून उठून उभे होते, पाय चपलांमध्ये, स्वेटरची बटणं लावत.

"लवकर आलीस," ते म्हणाले. "गोळी घेतली मी. डबा अकरालाच उघडला. बाकावर नाही बसलो." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली गेला. "काय झालं? माझ्याकडून काही राहिलं का?"

नाही हो बाबा, असं म्हणून त्यांचा हात धरावा म्हणून ती पुढे झाली, तर ते पटकन बाजूला सरले, तिला वाट द्यायला. घरात इतकी जागा होती, आणि बहात्तर वर्षांचा माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता.

ती खुर्चीत बसली. पाठ केलेलं सगळं भाषण तिच्या डोक्यात होतं. तिकडे तुम्हाला कोण बघणार, ती दोघं नवराबायको दिवसभर कामावर, जिना केवढा चढा. त्यातलं एकूण एक खरं होतं. आणि ते ऐकून बाबा 'बरं' म्हणाले असते, रविवारी धाकटा रिकामी गाडी घेऊन परत गेला असता. तिला ठाऊक होतं.

"बसा ना, बाबा."

ते बसले, खुर्चीच्या काठावर.

"तुम्हाला जायचंय का धाकट्याकडे?"

"तू म्हणशील तसं."

"मी नाही म्हणणार काही. तुम्ही सांगा."

बाबा टेबलाकडे बघत राहिले. तिच्या जिभेवर तीनदा पुढचं वाक्य आलं आणि तीनदा तिने ते गिळलं. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी वर पाहिलं, ती गॅसकडे वळते की काय ते बघावं तसं. ती वळली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "जायचंय."

दोन वर्षं तिने या माणसासाठी जिवाचं रान केलं होतं.

"रागावू नकोस," ते घाईने म्हणाले. "तू फार करतेस. तुझ्याइतकं कुणी करायचं नाही."

"नाही रागावत. तिकडे जाऊन काय करणार?"

आधी ते अडखळत बोलले. धाकट्याच्या घरामागे जागा आहे, तिथे मिरच्या लावायच्यात. मग जरा मोठ्याने. तिकडच्या कोपऱ्यावर लाकूडकाम करणारा एक म्हातारा आहे, त्याने रंधा शिकवीन म्हटलंय. या वयात रंधा, म्हणून ते स्वतःच हसले. तरुणपणी बस चालवायचे तेव्हा एक प्रवासी बकरी घेऊन चढला आणि तिचंही अर्धं तिकीट मागायला लागला, ती गोष्ट त्यांनी सांगितली. ती तिने आयुष्यात ऐकलेली नव्हती. बोलता बोलता त्यांनी स्वेटर काढून बाजूला टाकला, आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बाहेर ऊन उतरायला लागलं तरी ते बोलतच होते. मध्येच थांबून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आज अगदी गप्प आहेस गं. अंगात कणकण आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "मग त्या बकरीचं काय झालं?"