समभाव पक्षाची पहिली घोषणा

बसवनगुडीच्या रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता आणि गिरीराज त्यावरनं झोपेत चालल्यासारखा चालला होता.

लोकश्रम पक्षाच्या घोषणा आजवर त्याच्याच गळ्यातनं निघाल्या. पुढारी बदलले, गळा तोच. पण आता पक्षानं तळी बुजवून इमले उठवणाऱ्यांशीच आघाडी केली. पक्षातली जुनी पुढारी शिवलीलाक्का तडक बाहेर पडली, मागोमाग शे-दोनशे जण. आज कल्याण मंटपात, लग्नाच्या कार्यालयात, नवा पक्ष जन्मणार. नाव समभाव पक्ष. पहिली घोषणा गिरीराजनं द्यायची.

"जमेल ना हो?" निघताना अंबुबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं. "आंघोळ करतानासुद्धा जुनंच ओरडता तुम्ही."

"स्वल्प गप्प बस की ग!"

पण धास्ती तीच होती. पाय तर बाहेर पडले होते. गळाही बाहेर पडलाय का? नसेल, तर आपण अजून तिकडचेच.

मंटपात पंखे गरगरत होते. कुणाच्यातरी कालच्या लग्नातला मोगरा अजून दरवळत होता. माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटत होती. "या अण्णा," अक्का म्हणाली. माईक हातात आला. त्यानं डोळे मिटले, मूठ वर नेली.

"लोकश्रम पक्ष!"

"झिंदाबाद!" अख्खा मंटप.

छप्पर हाललं. मग सगळं चिडीचूप. बाहेर घार ओरडली, तीही ऐकू आली.

"अण्णा, अक्षता कुणाच्या लग्नात टाकल्या हो!" मागनं कुणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला. अक्काही हसली, पदरानं डोळे टिपत.

गिरीराजला हसू आलं नाही. तो समोर बघत राहिला. मुठी अजून वरच होत्या. अक्काचीसुद्धा. म्हणजे हिचाही गळा तिकडचाच! सगळ्यांचाच. मग इथं परका कोण?

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते ना, तसा तो माईककडे वाकला. ओरडला नाही.

"समभाव पक्ष," हळूच म्हणाला.

उत्तर फाटकंतुटकं आलं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा, कुणाचं नुसतंच ओठांतल्या ओठांत. त्यानं पुन्हा म्हटलं. नाव जिभेला परकंच लागत होतं. तो म्हणत राहिला.