शेषरावांचं खाकरणं

उंद्रीच्या शेषरावांना घरात शिरताना खाकरायची सवय होती. सवय कसली, रीतच ती. सासऱ्याने पायरीवर खाकरावं, आत सुनेने डोक्यावरचा पदर सारखा करावा आणि मांडीवर लेकरू असेल तर खाली ठेवावं. थोरामोठ्यांदेखत आपल्याच लेकराचे लाड करणारी सून म्हणजे निलाजरी. कोकिळा निलाजरी नव्हती. सात वर्षांच्या संसारात तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

नाव ठेवायला सुरुवात झाली ती तिच्या लेकीमुळे, शेवंतामुळे. पोरगी पाच वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर बघत नव्हती, उभ्या बैलगाडीच्या चाकाजवळ बसून ते फिरायची वाट बघत दुपार काढायची, आणि कुणी कवेत घेतलं की जीव जाईल अशी किंचाळायची. सासूबाई मनकर्णाबाईंनी देवदेव केलं, उतारे टाकले आणि मग सुनेच्या माहेरच्या पिढ्या उकरल्या. कोकिळाला मात्र पोरीची खोड हळूहळू कळली होती. आपण धरायला जायचं नाही. पहाटे ती आपल्या खोलीत जात्यावर बसली की शेवंता आपणहून यायची, मांडीत शिरायची, पाठ तिच्या पोटाला घट्ट टेकवायची आणि जात्याच्या घरघरीबरोबर गुणगुणायची. कोकिळाचे हात खुंट्यावरून हलायचे नाहीत. तेवढा वेळ तिला देवाकडे काही मागायचं नसायचं.

एका पहाटे शेषराव खाकरायचे विसरले. दारातून त्यांनी हे पाहिलं, थबकले, मागे फिरून पायरीवर गेले आणि तिथून मोठ्याने खाकरले. कोकिळाने पोरीला खाली ठेवलं. पुढे पुढे ठेवावंही लागेना. खाकरणं ऐकलं की शेवंता स्वतःच उठून कोपऱ्यात जाऊन बसायची. हाकेला न बघणारी पोर एवढं शिकली, पण घरात ते कुणी मनावर घेतलं नाही.

अडुसष्ट साली मुंबईहून एक डॉक्टर बुलढाण्याला आले. अशा मुलांची पाहणी करायची आणि त्यांच्यासाठी शाळा काढावी की नाही ते सरकारला कळवायचं, असं त्यांचं काम होतं. शेषराव पंचायत समितीवर होते, त्यांच्या कानावर आलं. सून आणि नात घेऊन ते यष्टीने निघाले. कोकिळाचा नवरा जानराव कपाशीच्या वेचणीला मागे राहिला. तसाही तो बापापुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. शाळा निघेल, एवढ्या एकाच आशेवर कोकिळाने ठेवणीतलं धडकं लुगडं नेसलं होतं.

डॉक्टर माणूस भला होता. आवाज गोड, खिशात लिमलेटच्या गोळ्या. पण नवख्या माणसांना शेवंता बिचकली आणि कोकिळाच्या मांडीकडे सरकली. कोकिळाने पाय पसरून जागा केली. तेवढ्यात खुर्चीतल्या शेषरावांनी घसा साफ केला. बुलढाण्याचा गारठा, दुसरं काही नाही. शेवंता ताडकन उठली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि लिहून घेतलं. मग विचारलं, “बाई, तुम्ही हिला कधी मांडीवर घेता? मुका घेता?”

आता सांगा, सासऱ्यासमोर याचं उत्तर काय द्यायचं? कोकिळाची मान खाली गेली. तिने शेषरावांच्या जोड्यांकडे पाहिलं. हो, घेते, मी पाहिलंय, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“नाही जी,” कोकिळा म्हणाली.

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते काही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. अर्थ मात्र त्यांनी फोड करून सांगितला. परदेशातल्या विद्वानांनी म्हणे शोधून काढलं होतं, की आईच्या पोटात माया नसली की मूल असं आतल्या आत मिटून जातं. उपाय म्हणून पोरीला काही महिने आईपासून तोडायचं आणि मायाळू बाईच्या हाती द्यायचं.

मनकर्णाबाईंच्या बोलण्यावर आता सरकारी शिक्का बसला. मायाळू बाई घरचीच होती, मोताळ्याला दिलेली त्यांची लेक केसरबाई. तिला मूल नव्हतं, आणि दुसऱ्याचं पोर दिसलं की छातीशी कवटाळल्याशिवाय तिला राहवत नसे.

पोरीला न्यायच्या आदल्या संध्याकाळी कोकिळा दाराआड उभी राहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्याशी आपणहून बोलली.

“मामाजी, शेवंता माह्या मांडीत बसते. तुमी पाह्यलं हाय.”

“पाह्यलं,” शेषराव म्हणाले. “पण सुनेच्या खोलीत मी काय पाह्यलं, हे चार मानसांत कसं सांगू? लोकं काय म्हनतील मले?”

“अन् मले काय म्हनून राह्यले?”

शेषराव उठून बाहेर गेले.

राजूरचा घाट उतरून शेवंता मोताळ्याला गेली. केसरबाईने माया केली, जीव ओतून केली. पोर किंचाळली की ती आणखी घट्ट धरायची. शेवंताने तिच्या दंडाचा लचका तोडला तेव्हा तिने पोरीचे हात बांधले, तेही मायेनेच. पोरीने अन्न टाकलं. शेवटी होळीनंतर जानरावाने कसाबसा धीर केला आणि तिला परत आणलं. मनगटांवर वळ होते आणि गुणगुणणं बंद झालं होतं.

तोवर पाहणीचा निकालही लागला होता. शाळेची गरज नाही, मातांना वात्सल्याचे धडे द्यावेत. चिखलीला तसं व्याख्यान झालं, तेव्हा मनकर्णाबाईंनी कोकिळाला मुद्दाम धाडलं. ती पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकून आली.

दुसऱ्या दिवशी तिने जातं उघड्या ओसरीवर ओढून आणलं. सासरा बघो, गाव बघो, चुलीत गेली रीत. डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून ती दळायला बसली. रोज बसली. एके सकाळी शेवंता दारात आली, उभी राहिली, आणि हळूच मांडीत शिरली. पाठ पोटाला टेकली. कोकिळा रडत दळत राहिली, पण हात तिने खुंट्यावरून काढला नाही.

शेषराव अंगणातून आले आणि पायरीशी थांबले. घशाशी आलेलं खाकरणं त्यांनी गिळलं.

“बसू दे तिले,” ते म्हणाले. “बसू दे, सूनबाई.”

शेवंताने शेषरावांच्या जोड्यांकडे पाहिलं. ती मांडीवरून उठली, कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि कुणी न सांगता दोन्ही मनगटं जुळवून बांधून घ्यायला पुढे धरली.