सभासदांच्याच हातातला माईक

मी एक जुना माईक आहे. माझी जाळी चेपली आहे, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि खरं सांगायचं तर, मित्रांनो, मी पार दमलो आहे.

स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिकांच्या संघटनेने मला वर्गणी काढून आणलं. मोठ्या परिषदांत या बोलायला उभ्या राहिल्या की कोणीतरी पुरुष "आवरा आता" म्हणत माईक काढून घ्यायचा. म्हणून अध्यक्षांनी, म्हणजे थोरल्या ताईंनी, नियमच केला, "हा माईक फक्त सभासदांच्या हातात. दुसऱ्या कोणी बोलायचं नाही!" काय टाळ्या पडल्या तेव्हा! माझी मान ताठ झाली होती.

मग एक नवी प्राध्यापिका आली. जन्मल्यावर सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. आपण बाई आहोत, हे तिचं तिला ठाऊक होतं. तिने सभासद व्हायचं म्हटलं आणि वाद पेटला.

"ती आपलीच आहे," एक म्हणे.

"आपण लहानपणापासून सोसलं, ते तिने कुठे सोसलंय?" दुसरी म्हणे.

वर्षानुवर्षं तेच. ती मागच्या रांगेत बसून स्वतःबद्दलचं सगळं ऐकायची. सभासद नाही म्हणून तिने बोलायचं नाही, आणि तिला बोलू न देताच तिचं ठरवायचं. माझे तर कान किटले.

यंदा सभेआधी मला तपासायला कोणी नव्हतं. "तू जरा बघतेस का गं?" थोरल्या ताई तिलाच म्हणाल्या. कामाला मात्र नियम आडवा आला नाही! तिने मला उचललं.

"हॅलो, हॅलो. मागे ऐकू येतंय?"

"येतंय!"

"मग ऐकाच. मी बाई आहे म्हटलं म्हणून घरच्यांनी मला बाहेर काढलं. बाई नाही म्हणून तुम्ही आत घेत नाही. मी जाऊ कुठे?"

"अगं, झालं ना तपासून? आवर आता," म्हणत थोरल्या ताईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. आपण कोणाचे शब्द बोललो ते कळताच त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पण मला काही त्यांनी परत दिलं नाही. निर्णय पुन्हा पुढच्या वर्षावर गेला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला आधी बोलू द्या, एवढंच मागतो.

सभा संपली. तिने पर्स खांद्याला अडकवली.

"पुढच्या वर्षी येशील ना गं?" कोणीतरी विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

असं 'बघू' म्हणून गेलेल्या पुष्कळजणी मी पाहिल्या आहेत. त्यांतली एकही परत आलेली मला आठवत नाही.